काखेचं विच्छेदन घ्यायचंय? आधी ब्लेड बाजूला ठेवा

"मॅडम, सेफॅलिक (दंडाच्या कातडीखालची व्हेन) मिळत नाहीये."

हे वाक्य दर वर्षी ऐकते आणि दर वर्षी माझं उत्तर तेच असतं. मिळणार कशी? ती परवा कातडीबरोबर गेली.

इंदूरला पहिल्या वर्षाच्या मुलांना ॲनाटॉमी शिकवताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली आहे. ॲक्झिलात, म्हणजे काखेत, जे काही तुटतं त्यातलं निम्मं काख उघडायच्या आधीच तुटलेलं असतं. बहुतेक कॉलेजांत हात आधी घेतात. ज्यांनी काल-परवापर्यंत नीटच्या परीक्षेपुढं काही पाहिलेलं नाही, त्यांच्या हाती पहिल्याच महिन्यात नर्व्हांचं (मज्जातंतूंचं) एवढं मोठं जाळं येतं. त्यात नवा ट्यूटर दोनपैकी एक चूक करतो. एक तर सगळं स्वतःच कापून दाखवतो, आणि वीस मुलं टाचा उंचावून बघतात. नाहीतर "करा सुरू" म्हणून खिडकीशी जाऊन फोन बघतो. अकोला-नाशिककडून एमडीला आलेले आमचे ज्युनिअर दर वर्षी विचारतात, "टेबल घ्यायचं म्हणजे नेमकं करायचं काय?" त्यांच्यासाठी हा क्रम लिहिते आहे. दोन-दोन तासांची पाच सत्रं धरली आहेत. चारात उरकायचा मोह आवरा.

१. आदल्या दिवशी एकट्यानं टेबल बघा

सत्राच्या आदल्या दुपारी हॉल रिकामा असतो. तेव्हा जा आणि शरीर नीट पाहा. छातीवर जुन्या ऑपरेशनचा व्रण आहे का? वयस्कर बाईचं शरीर असेल आणि एका बाजूचा स्तन काढलेला असेल, तर त्या बाजूच्या काखेतल्या गाठीही बहुधा काढलेल्या असतात. मग सगळं एकमेकांना चिकटलेलं मिळतं. ती बाजू नवख्यांना देऊ नका. हे न बघता मी एकदा गट बसवला होता. मुलांनी दीड दिवस व्रणाची चिवट गाठ खरवडली, आणि चूक त्यांची नसून माझी होती.

क्लॅव्हिकलच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) खाली त्वचेत चपटा, कडक गोळा लागला तर तो पेसमेकर असू शकतो. लगेच विभागात कळवा. दहनाच्या वेळी त्याची बॅटरी फुटते, म्हणून तो आधीच काढावा लागतो.

मग खांदा. जतन केलेल्या शरीरात हात अंगाला घट्ट चिकटलेला असतो. पाठीखाली, दोन्ही स्कॅप्युलांच्या (खांद्याच्या पात्यांच्या) मध्ये, लाकडी ठोकळा सरकवा आणि हात हळूहळू बाहेर आणा. आज थोडा, उद्या थोडा. एका झटक्यात ओढला तर म्हाताऱ्या शरीरातली ह्यूमरस, म्हणजे दंडाचं हाड, मोडते. सुरुवातीला पंचेचाळीस अंश पुरतात आणि नव्वदच्या पुढे कधीच जायचं नाही. हात जास्त ताणला की छातीचा मोठा स्नायू पेक्टोरॅलिस मेजर तंबूच्या कापडासारखा ताठ होतो, आत बोट शिरत नाही, नर्व्हाही तारेसारख्या ताणून बसतात. आपल्याला त्या सैल हव्यात. हाताखाली फळी घालून तो बांधून टाका, म्हणजे मधेच घसरणार नाही.

हत्यारं मोजून काढा. कातडीसाठी चार नंबरच्या हँडलवर बावीसचं ब्लेड, बारीक कामाला तीन नंबरच्या हँडलवर पंधराचं. दात असलेला चिमटा कातडी धरायला, बिनदाताचा बाकी सगळ्याला. बोथट टोकाची कात्री, एक प्रोब आणि रंगीत दोरा. ब्लेड बसवायला आणि काढायला आर्टरी फॉरसेप्स लागतोच, बोटांनी ब्लेड लावणारा मुलगा दिसला की तिथंच थांबवा. ब्लेडं किती बाहेर काढली ते फळ्यावर लिहून ठेवा.

शेजारच्या टेबलावर हाडं मांडा: स्कॅप्युला, क्लॅव्हिकल, ह्यूमरस आणि पहिली बरगडी. पहिली बरगडी हटकून विसरते आणि मग काखेचं टोक कुठं आहे हे शेवटपर्यंत कुणाला कळत नाही.

*सावधान:* एक्झॉस्ट सत्राच्या निदान अर्धा तास आधी चालू करा. फॉर्मॅल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेलं आहे. "डोळे चुरचुरतात, सवय होईल" हे मुलांना सांगणं बंद करा. कॉन्टॅक्ट लेन्स नको, चश्मा किंवा गॉगल हवा, आणि हातमोजे नायट्राइलचे.

२. "नस" हा शब्द टेबलावरून उचला

हे पुस्तकात कुठं सापडणार नाही, पण माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं हेच आहे.

आपल्याकडे "नस दबली" म्हणतात तेव्हा नर्व्ह असते, "नस कापून घेतली" म्हणतात तेव्हा व्हेन किंवा आर्टरी असते, आणि मॅच बघताना "नस चढली" तर तो स्नायूचा गोळा असतो. हिंदीतही तेच. झाबुआ-खरगोनहून आलेला मुलगा आणि आपली इंदूरच्या रामबागेतली मराठी मुलगी दोघंही टेबलावर म्हणतात, "मॅडम, नस मिली." काय मिळालं ते देव जाणे. जुन्या मराठी पुस्तकांतले रोहिणी (आर्टरी) आणि नीला (व्हेन) हे शब्द सुरेख आहेत, पण मुलं ते वापरत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी नियम सांगते: टेबलावर नर्व्ह, आर्टरी, व्हेन हे तीनच शब्द. ज्याच्या तोंडून "नस" येईल त्यानं तीनपैकी कोणती ते हात लावून सिद्ध करायचं.

मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं आली, त्यांतही संज्ञा इंग्रजीच ठेवून लिपी देवनागरी केली आहे. त्यामुळे हिंदी माध्यमाच्या मुलाला हे तीन शब्द परके वाटत नाहीत. त्याला अडतं ते आपल्या भरधाव इंग्रजी वाक्यांमुळे. सावकाश बोला, हिंदीत बोला, संज्ञा तेवढ्या तशाच राहू द्या.

हात लावून सिद्ध करायचं ते असं. बोटांच्या चिमटीत धरून घोळवा. नर्व्ह भरीव लागते, दोरीसारखी, पांढुरकी, दाबली तरी चपटी होत नाही. आर्टरी रबरी नळीसारखी, दाबली की बसते आणि सोडली की पुन्हा गोल होते. व्हेनची भिंत पातळ, ती आपणच चपटी पडलेली असते, बऱ्याचदा आत काळसर गोठलेलं रक्त. रंगावर जाऊ नका. फॉर्मेलिनमध्ये सगळ्यांचाच रंग भाजलेल्या वांग्याच्या गराकडे झुकतो.

३. पहिली पंधरा मिनिटं: स्वतःच्या अंगावर

शरीराला नमस्कार, शपथ, फोन लॉकरमध्ये, एवढं झालं की लगेच स्काल्पेल देऊ नका. अभ्यासक्रमातच "कॅडॅव्हर हा आपला पहिला शिक्षक" असं एक प्रकरण आहे, ते वाचून दाखवलंत तरी पुरे. त्यावर भाषण नको, मुलं आधीच गंभीर असतात.

मग प्रत्येकानं एप्रनवरूनच, स्वतःच्या अंगावर शोधायचं. क्लॅव्हिकल आतून बाहेर चाचपत जा. बाहेरच्या टोकाकडे त्याच्या खाली एक खळगा लागतो. साधारण अडीच सेंटिमीटर खाली, खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूच्या कडेशी खोल दाबलं की दुखणारं हाड लागतं, तो कोरॅकॉइड. कमरेवर हात ठेवून जोरानं दाबा, पेक्टोरॅलिस मेजर टणक होईल. त्याची खालची कड म्हणजे काखेची पुढची घडी. मागची घडी लॅटिसिमस डॉर्साय आणि टेरेस मेजर या पाठीकडच्या स्नायूंची. आता हात थोडा बाहेर करून काखेत बोटं ह्यूमरसवर दाबा. ठोका लागतो का? ती ॲक्झिलरी आर्टरी.

कुणी कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, प्रत्येकानं आपापला लावायचा. हा नियमही मोठ्यानं सांगा.

*इथे थांबा:* सगळ्यांना कोरॅकॉइड आणि आर्टरीचा ठोका सापडल्याशिवाय पुढं जाऊ नका. पाच मिनिटं जास्त गेली तर जाऊ द्या. कोरॅकॉइड हा पुढच्या पाचही दिवसांचा खुंटा आहे.

४. कामं वाटून द्या

टेबलाच्या एका बाजूला चार जणांच्या हातात काम असतं. एक कापणारा, एक ओढून धरणारा, एक पुस्तक मोठ्यानं वाचणारा, एक हाड हातात घेऊन "आपण आत्ता इथं आहोत" असं दाखवणारा. दर वीस मिनिटांनी सगळे एक जागा सरकतात. बाकीचे चित्र काढतात, नुसते उभे राहत नाहीत. एरवी दोन धीट मुलं पाचही दिवस कापतात आणि मागची मुलगी वर्षअखेरीस "मी ब्लेड धरलंच नाही" म्हणते. यंदाही एक म्हणाली.

तुमची जागा वाचणाऱ्याच्या शेजारी. हातमोजे घाला, पण हत्यार उचलू नका.

५. कातडी

रेषा आधी स्केच पेनानं काढून घ्या. पहिली स्टर्नमच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) वरच्या खाचेपासून झिफॉइडपर्यंत, म्हणजे त्याच्या खालच्या टोकापर्यंत, सरळ खाली. दुसरी त्याच खाचेपासून क्लॅव्हिकलवरून खांद्याच्या टोकावरच्या ॲक्रोमिऑनपर्यंत. तिसरी झिफॉइडपासून बाहेर, काखेच्या मध्यरेषेपर्यंत. चौथी ॲक्रोमिऑनपासून दंडाच्या बाहेरच्या अंगानं मध्यापर्यंत खाली, आणि तिथून दंडाला आडवी. स्तनाग्राभोवती गोल कापून ते जागेवरच ठेवा. पुरुषाच्या शरीरात ते चौथ्या बरगडी-फटीची खूण म्हणून पुढं कामाला येतं.

कातडी किती जाड असते हे मुलांना ठाऊक नसतं. ती आंब्याच्या सालीएवढी समजून ब्लेड दाबतात आणि थेट स्नायूवर पोचतात. स्टर्नमवर सुरुवात करा. तिथं खाली हाड आहे, चूक पचते. चिरेच्या तळाशी पिवळे कण दिसले की बस, तेवढीच खोली.

कोपरा दाताच्या चिमट्यानं उचलला की पुढची युक्ती शिकवा. कातडी दोन-तीन बोटं सुटल्यावर तिला काजाएवढी चीर द्या, त्यात बोट अडकवून ओढा. चिमटा घसरत नाही, हात दुखत नाही. ब्लेडची धार नेहमी कातडीच्या आतल्या बाजूकडे, शरीराकडे नाही. ओढणं जास्त, कापणं कमी.

*तपासणी:* सोललेल्या कातडीची आतली बाजू संत्र्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखी दिसली पाहिजे, पांढरी आणि ठिपक्यांची. तिच्यावर चरबीचे गोळे लोंबत असतील तर मुलं खोल चालली आहेत. थांबवा, नवं ब्लेड द्या, दुसऱ्या कोपऱ्यापासून सुरू करायला सांगा.

काखेतली कातडी पातळ आणि चिकटलेली असते, ती दुसऱ्या सत्रावर ठेवा. दंडावर विशेष जपा, कारण सेफॅलिक आणि बॅसिलिक या दोन्ही व्हेन कातडीच्या लगेच खालच्या चरबीतच असतात. स्त्रीच्या शरीरात स्तन खालच्या डीप फॅशियापासून (स्नायूवरच्या पडद्यापासून) बोटांनी सुटतो, ब्लेडची गरज जवळजवळ लागतच नाही.

६. सेफॅलिक आधी, बाकी सगळं नंतर

दुसऱ्या सत्राची सुरुवात इथून. डेल्टॉइड आणि पेक्टोरॅलिस मेजर यांच्यामध्ये खोबण आहे, तिच्यात सेफॅलिक वर चढते. शोधायची रीत अशी: मिटलेली कात्री खोबणीत घाला, आत उघडा, उघडीच बाहेर काढा. पुन्हा मिटा, पुन्हा घाला. कात्री कापायला नाही, फाकवायला. आणि नेहमी व्हेनच्या लांबीच्या दिशेनं, आडवी कधीच नाही. आडवी फाकवली की व्हेन तुटते, आणि तुटलेली व्हेन चरबीत परत ओळखू येत नाही.

मिळाली की खालून दोरा घाला, निळा. आता ती सुरक्षित.

थंडीत इंदूरला सकाळी हॉल गारठलेला असतो आणि चरबी तुपासारखी थिजलेली असते. अशा वेळी कात्रीऐवजी बोटं चालवा. बोटांच्या ऊबेनं ती थोडी सैल होते आणि मुलांना स्पर्शही कळतो. हे मला आमच्या हॉलच्या अटेंडंटनं शिकवलं. सगळी बॅच त्यांना भिया म्हणते, आणि बऱ्याच ट्यूटरांपेक्षा त्यांचा हात हलका आहे.

७. पेक्टोरॅलिस मेजर उलटणं

घाई इथं सगळ्यात महाग पडते. पेक्टोरॅलिस मेजरच्या मागच्या बाजूनं त्याच्या दोन नर्व्हा आत शिरतात. लॅटरल पेक्टोरल नर्व्ह थोराको-ॲक्रोमियल आर्टरीसोबत वरून येते, मीडियल पेक्टोरल मेजरखालच्या लहान स्नायूला, पेक्टोरॅलिस मायनरला, भोकून येते. नावांनी फसू नका. छातीवर बघाल तर मीडियल पेक्टोरल ही लॅटरलच्या बाहेरच्या बाजूला असते. नावं कॉर्डवरून, म्हणजे जाळ्यातल्या ज्या जाड दोरीतून नर्व्ह निघते तिच्यावरून पडली आहेत, जागेवरून नाहीत. परीक्षेत निम्मी मुलं इथं आपटतात.

आधी स्नायूवरचा फॅशिया तंतूंच्या दिशेनं साफ करून घ्या. मग खालच्या कडेखालून दोन बोटं घाला आणि स्नायू छातीपासून सैल करा. बोटं आत असतानाच क्लॅव्हिकलचं डोकं हाडाच्या अगदी लगत कापा. तुमचं बोट ब्लेडखाली ढालीसारखं असलं पाहिजे. ते डोकं खाली झुकवा, लॅटरल पेक्टोरल आणि तिच्या सोबतची आर्टरी आत शिरताना दिसतील. दाखवा, चित्र काढू द्या, पिवळा दोरा बांधा.

नंतर स्टर्नमच्या कडेपासून सुमारे पाच सेंटिमीटर बाहेर, वरून खाली स्नायू कापा आणि सगळा बाहेर, ह्यूमरसकडे उलटा. उलटताना एखादी बारीक दोरी ओढ खाते. ती मीडियल पेक्टोरल. लगेच थांबा. तिला सोडवून घ्या, आणि अगदी कापावीच लागली तर स्नायूचा अंगठ्याएवढा तुकडा तिच्या टोकाला लावून ठेवा. मग ती कुठं जात होती हे वर्षभर सांगता येतं.

*सावधान:* "मॅडम, हे चरबीच आहे ना?" असं विचारून उत्तराआधीच कापणारा एक तरी गटात असतो. त्याला ओढून धरायच्या जागेवर पाठवा.

८. मायनर

हे पटकन होतं. पेक्टोरॅलिस मायनरच्या वरच्या कडेपासून क्लॅव्हिकलखालच्या सबक्लेव्हियस स्नायूपर्यंत पडदा आहे, तो क्लॅव्हिपेक्टोरल फॅशिया. त्याला भोकून सेफॅलिक आत जाते, थोराको-ॲक्रोमियल आणि लॅटरल पेक्टोरल बाहेर येतात. निळा दोरा इथवर आला का बघा, मग पडदा काढा. मायनर तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या बरगडीवरून सोडवा आणि कोरॅकॉइडला लटकता ठेवून वर फेका. कोरॅकॉइडवरून कापू नका. ॲक्झिलरी आर्टरीचे तीन भाग याच स्नायूवरून ठरतात. तो परत जागेवर ठेवता आला पाहिजे.

९. चरबीत उतरताना

आता समोर चरबीचा गठ्ठा आणि त्यात सगळं. मुलांना वाटतं की चरबी काढली की आतलं दिसेल. उलट आहे. आधी आतलं हाताला लागलं पाहिजे, त्याच्या भोवतीची चरबी मग निघते.

पहिली शोधायची ती इंटरकॉस्टोब्रेकियल नर्व्ह. दुसऱ्या बरगडी-फटीतून निघून काखेतून आडवी दंडाच्या आतल्या बाजूला जाते, वाटेत एकटीच, सुतळीएवढी. सगळ्यात आधी तीच बळी पडते, कारण ती चरबीच्या मधोमध असते आणि सगळे तिथंच सुरू करतात. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनात ही तुटली की बाईला दंडाच्या आतल्या बाजूला बधिर वाटतं. हे सांगितलं की मुलं जरा जपून हात चालवतात.

ती सापडल्यावर काखेतल्या मध्यभागाला हात लावू नका. थेट कोरॅकॉइडला परत या. तिथून बायसेप्सचं आखूड डोकं आणि कोरॅकोब्रेकियालिस एकत्र खाली निघतात. कोरॅकोब्रेकियालिसच्या आतल्या बाजूनं एक जाड नर्व्ह स्नायूत घुसते. मस्क्युलोक्युटेनियस. स्नायूला आरपार भोकणारी म्हणून ती ओळखायला सोपी, म्हणूनच सुरुवात हिच्यापासून.

आता तिचा माग वरच्या दिशेनं काढा. ती ज्या जाड दोरीतून निघते ती लॅटरल कॉर्ड. त्याच कॉर्डमधून दुसरी फांदी आर्टरीच्या पुढून खाली येते, ते मीडियन नर्व्हचं बाहेरचं मूळ. ते धरून खाली या, मीडियनचं आतलं मूळ भेटतं. त्यावरून परत वर चढा, मीडियल कॉर्ड. तिच्यावरून पुन्हा खाली उतरा, अल्नर नर्व्ह. म्हणजे बोट वर, खाली, वर, खाली असं फिरलं आणि आर्टरीच्या अंगावर इंग्रजी एम अक्षर उमटलं. मुलांना तो एम बोटानं हवेत काढून मग टेबलावर शोधायला सांगा. एकदा एम मिळाला की अख्खं काम सुरळीत होतं. तो न शोधता वरून, मानेकडून सुरुवात करणारे गट तिसऱ्या दिवशीही "ही कोणती कॉर्ड?" यावर भांडत असतात.

ॲक्झिलरी व्हेन या सगळ्याच्या आतल्या बाजूला असते आणि तिच्या बारीक फांद्या काम झाकतात. सेफॅलिक सोडून त्या काढल्या तरी चालेल. व्हेन फुटली की आतलं गोठलेलं रक्त सगळीकडे पसरतं. ओल्या कापसानं टिपा, घासू नका. लिंफच्या गाठी चरबीत वाटाण्यासारख्या लागतात, दोन-तीन एका थाळीत मांडून ठेवा आणि कोणत्या गटातून काढल्या ते लिहा. काढलेली चरबी, ऊती सगळं त्या शरीराच्या क्रमांकाच्या डब्यातच जातं. दुसऱ्या टेबलाच्या डब्यात नाही, कचऱ्यात तर नाहीच.

*इथे थांबा:* मस्क्युलोक्युटेनियस स्नायूत शिरत नसेल, किंवा मीडियनला जोडलेली दिसेल, तर "चुकलं" म्हणू नका. असे फरक खरेच असतात. बायसेप्सला तिसरं डोकं मिळतं, लॅटिसिमसपासून काखेवरून कमान गेलेली मिळते. पुस्तकात नाही म्हणून कापून टाकणं हा सगळ्यात वाईट गुन्हा. बाकीच्या टेबलांना बोलावून दाखवा.

१०. भिंती आणि मागचा कॉर्ड

छातीच्या भिंतीवर सेराटस अँटिरियर स्नायूच्या अंगावरून सरळ खाली जाते ती लाँग थोरॅसिक नर्व्ह, सी ५, ६, ७ (मानेतल्या पाचव्या, सहाव्या, सातव्या नर्व्ह) मधून. ती स्नायूच्या वरच्या पृष्ठभागावर असते, म्हणून फॅशिया ओरबाडताना सहज निघून येते. ही भिंत बोटांनीच साफ करायची. मागच्या भिंतीवर लॅटिसिमसकडे जाणारी थोराकोडॉर्सल नर्व्ह, सोबत आर्टरी.

मागचा कॉर्ड दिसत नाही कारण तो आर्टरीच्या मागं आहे. आर्टरी आणि एम एकत्र दोऱ्यानं उचलून धरा. खाली जी सगळ्यात जाड नर्व्ह दिसते ती रेडियल. स्कॅप्युलाच्या पुढच्या बाजूच्या सबस्कॅप्युलॅरिस स्नायूच्या खालच्या कडेशी मागं दडी मारते ती ॲक्झिलरी नर्व्ह, तिच्यासोबत पोस्टिरियर सर्कम्फ्लेक्स ह्यूमरल आर्टरी. बोट तिच्यामागं घालून डेल्टॉइडच्या मागून बाहेर काढता आलं की क्वाड्रँग्युलर स्पेस, म्हणजे स्नायूंमधली ही चौकोनी फट, कायमची लक्षात राहते. चित्र दहा वेळा बघून ती राहत नाही.

हात आता थोडा जवळ घ्या, नर्व्हा सैल होतील.

११. शेवटच्या सत्रात तुम्ही बोलू नका

दोऱ्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधा, वीस पुरेत. एका टेबलाची मुलं दुसऱ्या टेबलावर जातात आणि तिथल्या मुलांना दाखवतात. प्रश्न तीन प्रकारचे: हे काय, कशावरून ओळखलंस, आणि इथं तुटलं तर रोग्याला काय होईल. दुसरा प्रश्न सोडू नका. "कारण इथंच असते" हे उत्तर चालत नाही. पेक्टोरॅलिस मायनर परत जागेवर ठेवून आर्टरीचे तीन भाग मोजायला सांगा, पहिल्याची एक फांदी, दुसऱ्याच्या दोन, तिसऱ्याच्या तीन. मोजताना कुणी अडलं तर हळूच पहिली बरगडी पुढं करा, आर्टरी तिच्या बाहेरच्या कडेपासून सुरू होते.

१२. झाकणं

रोज सत्र संपताना, पाच मिनिटं राखून. उलटलेली कातडी आणि स्नायू जागेवर, वर विभागानं दिलेल्या द्रावणात भिजवलेलं सुती कापड, त्यावर प्लास्टिक, कडा खाली खोचलेल्या. कापड कोरडं की ओलं हे हातानं बघा, डोळ्यानं नाही.

एका वर्षी रंगपंचमीच्या आदल्या दिवशी मुलं गेरच्या (रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या) ओढीनं लवकर पळाली आणि मीही झाकण तपासलं नाही. तेव्हा मांडीचं विच्छेदन चालू होतं. राजवाड्यावरून गुलालात न्हाऊन परत आलो, दोन दिवसांनी हॉल उघडला, तर मांडीच्या वरच्या भागातला फेमोरल ट्रँगल पादत्राणाच्या चामड्यासारखा कडक झाला होता. मार्चच्या उन्हानं आणि पंख्यानं काम केलं होतं. भियांनी ग्लिसरीनच्या पाण्यात कापडं भिजवून आठवडाभर रोज लावली, थोडं मऊ झालं, पण सॅफेनस नर्व्ह त्या गटाला शेवटपर्यंत दुसऱ्याच टेबलावर बघावी लागली.

तर कापडाची कड खोचा, फळ्यावरची ब्लेडांची संख्या डब्यातल्या ब्लेडांशी जुळवा, एक कमी असेल तर कुणालाही बाहेर सोडू नका. जुळली की आकडा पुसा आणि दिवे बंद करा.